मोजलेले की अंदाजे?



अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात जून महिना लागला की कित्येक घरांत भिंतीवर एक नकाशा चढतो. नकाशा असतो अटलांटिक महासागराचा. त्यावर अक्षांश-रेखांशांच्या चौकटी आखलेल्या असतात. वर्तमानपत्रे, दुकानदार आणि दूरचित्रवाणी केंद्रे असे नकाशे वर्षानुवर्षे फुकट वाटीत आली आहेत. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्राकडून वादळाचे अक्षांश-रेखांश कळले, की घरातले कोणीतरी त्या जागी टाचणी टोचते. सहा तासांनी दुसरे पत्रक येते, दुसरी टाचणी लागते. आता पुष्कळ जण हेच काम संगणकाच्या पडद्यावर करतात. उपग्रहांची चित्रे आणि वादळात शिरणाऱ्या विमानांनी घेतलेली मोजमापे त्यांना घरबसल्या दिसतात. साधने बदलली, पण छंद तोच राहिला आहे.

पहिली टाचणी लागते तेव्हा वादळ अगदी बाल्यावस्थेत असते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून कमी दाबाच्या लाटा पूर्वेकडच्या वाऱ्यांबरोबर महासागरावर उतरतात. वर्षाकाठी अशा सुमारे साठ लाटा येतात आणि त्यांतल्या बहुतेक काही न करता विरून जातात. पण समुद्राच्या पाण्याचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, हवेत बाष्प भरपूर असेल आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नसेल, तर एखादी लाट भोवऱ्यासारखी गरगरू लागते. वाऱ्याचा वेग ताशी ६३ कि.मी. झाला की तिला वादळ म्हणून नाव मिळते. तो ताशी ११९ कि.मी. झाला की ते वादळ हरिकेन म्हणून ओळखले जाते. हे नवे वादळ कोठे जाईल आणि केवढे होईल, याचा तर्क करणे हा हौशी मंडळींचा मोठा आनंद असतो.

या मंडळींविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, "हवामान हे तज्ज्ञांचे काम. हौशी माणसाने त्यात लुडबूड करू नये." दुसरे म्हणतात, "सगळी माहिती आता सगळ्यांसमोर आहे. मग आम्हीच भाकीत सांगितले तर काय बिघडले?" मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. हौशी निरीक्षकाची शास्त्राला गरज आहे, पण ती त्याच्या मोजमापांची आहे. त्याच्या भाकितांची जागा त्याच्या वहीत आहे. असे मी का म्हणतो ते पाहू.

प्रथम पहिल्या मताकडे वळू. चक्री वादळ हे चाकासारखे फिरणारे वारे असतात, ही गोष्ट आज तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचता. ती सिद्ध करण्यात विल्यम रेडफील्ड या माणसाचा मोठा वाटा आहे. तो कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नव्हता. त्याने तरुणपणी घोड्यांची खोगिरे बनविण्याचे काम शिकले होते. सप्टेंबर १८२१ मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यावरून एक मोठे वादळ गेले. त्यानंतर प्रवास करताना रेडफील्डला दिसले, की एका भागात उन्मळलेल्या झाडांचे शेंडे वायव्येकडे आहेत, तर पुढे गेल्यावर दुसऱ्या भागातली झाडे नेमकी उलट दिशेला पडली आहेत. एकच वादळ दोन ठिकाणी उलट दिशांनी कसे वाहिले? वारे एका केंद्राभोवती फिरत असतील तरच हे घडू शकते. पण हा विचार सुचताच तो गावभर सांगत सुटला नाही. त्याने आणखी वादळांची माहिती आणि जहाजांच्या नोंदी जमविल्या आणि आपला निबंध १८३१ साली छापला. मधे दहा वर्षे गेली होती.

या कामाचा धागा आपल्या देशापर्यंतही आला. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन याने बंगालच्या उपसागरातील वादळांविषयी जहाजांच्या नोंदवह्या चाळून मोठा अभ्यास केला. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने अशा वादळांना 'सायक्लोन' हे नाव सुचविले. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द कलकत्त्यात जन्मला आहे.

सरकारी कचेरीबाहेरच्या निरीक्षकांचे न ऐकल्याने काय होते, याचे उदाहरणही अटलांटिकच्याच काठी सापडते. क्यूबा बेटावर हवाना शहरात बेलेन नावाचे विद्यालय होते. तेथील वेधशाळा जेझुइट धर्मगुरू चालवीत. बेनितो व्हिन्येस हे १८७० पासून तिचे प्रमुख होते. ते वायुभारमापकाच्या नियमित नोंदी ठेवीत आणि आकाशातील पिसांसारख्या उंच ढगांच्या दिशा न्याहाळीत. ठिकठिकाणच्या निरीक्षकांकडून ते तारेने बातम्याही मागवीत. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी वादळाची सूचना वर्तमानपत्रांतून दिली आणि ती खरी ठरली. १८९३ साली ते वारले, पण त्यांचे काम शिष्यांनी पुढे चालविले.

पुढे सप्टेंबर १९०० मध्ये एक वादळ क्यूबावरून पुढे सरकले. वॉशिंग्टनच्या हवामान कचेरीला वाटले, की ते उत्तरेकडे वळून अटलांटिक किनाऱ्याने जाईल. हवानाच्या निरीक्षकांना वाटले, की ते मेक्सिकोच्या आखातातून टेक्सासकडे जाईल. पण क्यूबातून हवामानाच्या तारा पाठविण्यावर अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्या सुमारास बंधने घातली होती. ८ सप्टेंबरला वादळ टेक्सासमधील गॅल्व्हस्टन शहरावर कोसळले. समुद्राचे पाणी शहरात घुसले आणि किमान सहा हजार माणसे मरण पावली. बेलेनची मंडळी पगारी सरकारी तज्ज्ञ नव्हती, पण त्यांच्यापाशी तीस वर्षांच्या नोंदी होत्या. ज्याच्याजवळ नोंदी आहेत त्याचे ऐकून घेतले पाहिजे, मग तो कोणीही असो.

आता दुसरे मत तपासू. माहिती सगळ्यांसमोर असेल तर भाकीत सांगण्यात काय बिघडते?

वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर एक शंकू काढलेला असतो. वादळाजवळ तो अरुंद असतो आणि पुढच्या दिवसांकडे रुंद होत जातो. मागील पाच वर्षांच्या अंदाजांत जेवढ्या चुका झाल्या, त्यांवरून त्याची रुंदी ठरवितात. वादळाचे केंद्र त्या शंकूत राहण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणजेच तीनांत एकदा ते शंकूच्या बाहेर जाऊ शकते. शिवाय शंकू फक्त केंद्राचा मार्ग दाखवितो. वारा, पाऊस आणि समुद्राची भरती त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत पोचतात. पण शंकूच्या मधोमध रेषा काढली, की माणसाचा डोळा त्या रेषेला चिकटतो. "रेषा आपल्या गावावरून जात नाही, मग आपण वाचलो," असे त्याला वाटू लागते.

ऑगस्ट २००४ मध्ये 'चार्ली' नावाचे हरिकेन फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाले होते. मधली रेषा टँपा शहराकडे दाखवीत होती. १३ तारखेस वादळ थोडे आधीच उजवीकडे वळले आणि त्याच दिवशी काही तासांत झपाट्याने बळावले. ताशी सुमारे २४० कि.मी. वेगाचे वारे घेऊन ते कायो कोस्टा नावाच्या बेटावरून किनाऱ्यावर चढले आणि पुंता गोर्डा या गावात त्याने मोठी नासधूस केली. हे गाव टँपाच्या दक्षिणेस सुमारे १२० कि.मी. आहे. ते शंकूत होते आणि तेथे हरिकेनचा इशाराही दिलेला होता. मात्र पुष्कळांचे लक्ष रेषेवर होते.

वादळ थोडेसेच वळले, मग जागा एवढी कशी बदलली? टेबलाच्या कडेला जवळजवळ समांतर अशी एक पट्टी ठेवा. पट्टीचे एक टोक टेबलावर घट्ट धरा आणि दुसरे कडेच्या किंचित बाहेर राहू द्या. आता दुसरे टोक किंचित फिरवा. पट्टी कडेला जेथे छेदते ती जागा एकदम वीतभर सरकते. चार्लीचा मार्ग किनाऱ्याला असाच जवळजवळ समांतर होता. ज्याने हा प्रयोग केला आहे, तो रेषेवर भिस्त ठेवणार नाही.

पुढे २८ सप्टेंबर २०२२ रोजी 'इयन' हे हरिकेन त्याच कायो कोस्टा बेटावर, जवळजवळ त्याच वेगाने आदळले. याही वेळी आधीचे काही दिवस टँपाचेच नाव अधिक ऐकू येत होते. इयन आकाराने चार्लीहून पुष्कळ मोठे होते. फोर्ट मायर्सच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी तीन ते साडेचार मीटर चढले आणि अमेरिकेत या वादळाने सुमारे दीडशे बळी घेतले.

आता विचार करा. कोणा हौशी माणसाने आपल्या भागातील लोकांना छातीठोकपणे सांगितले, "काळजी करू नका, वादळ टँपाला जाणार," आणि त्यावर विसंबून एखादे कुटुंब घरीच राहिले, तर? तर्क चुकणे हा गुन्हा नाही. तज्ज्ञही चुकतात. १९७० च्या सुमारास तीन दिवस आधी वर्तविलेली वादळाची जागा सरासरीने सहाशे कि.मी.हून अधिक चुकत असे. आता ती चूक दोनशे कि.मी.च्या आसपास किंवा त्याहून कमी झाली आहे. पण तज्ज्ञ आपली चूक मोजतात, छापतात आणि पुढच्या शंकूची रुंदी तीवरून ठरवितात. गावगप्पांत सांगितलेल्या भाकिताची चूक कोणी मोजत नाही. खरे ठरले तर सांगणारा मिरवतो, खोटे ठरले तर विसरतो. माझा आक्षेप याला आहे.

हौशी माणसाने मग करावे तरी काय? याचे उत्तर हौशी मंडळींनीच दिले आहे. १९६५ मध्ये 'बेट्सी' हरिकेनच्या वेळी अमेरिकेतील हॅम रेडिओचालकांनी एक संदेशजाळे उभे केले आणि ते आजही चालू आहे. वादळाच्या टापूतले लोक आपल्याकडील वायुभार, वारा आणि पाऊस रेडिओवरून कळवितात व ते आकडे मायामीच्या केंद्राला पोचविले जातात. वाऱ्याचा वेग कळविताना तो मोजलेला आहे की अंदाजे सांगितला आहे, हेही वेगळे नोंदवितात. हा लहानसा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो विचारला म्हणजे विचारणाऱ्यालाही कळते, की आपल्याजवळ नक्की काय आहे.

म्हणून माझी सूचना अशी. वादळाचा माग काढणाऱ्या प्रत्येकाने एक वही घालावी आणि तिचे तीन रकाने करावेत : मोजलेले, ऐकलेले आणि वाटलेले. पहिल्या रकान्यात आपल्या उपकरणाचा आकडा आणि वेळ लिहावी. दुसऱ्यात हवामान केंद्राची सूचना, तीही पत्रकाच्या तारीख-वेळेसकट लिहावी, कारण सहा तासांपूर्वीची सूचना ही शिळी सूचना असते. तिसऱ्या रकान्यात आपला तर्क शाईने लिहावा. वादळ ओसरल्यावर तो ताडून पाहावा आणि किती कि.मी. चुकला ते तेथेच मांडावे. पहिले दोन रकाने खुशाल सर्वांना सांगा. तिसरा तुमच्या अभ्यासाचा आहे, तो वहीत राहू द्या.

अशी वही रोज लिहावी लागते. वादळाच्याच दिवशी वायुभारमापक पाहणारा माणूस कसा फसतो ते पाहा. उष्ण प्रदेशात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो अधिक असतो, तर दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन मिलिबारने उतरतो. नवशिक्याने नेमके याच वेळी पाहिले तर तो घाबरून ओरडेल, "दाब उतरतो आहे, वादळ आले!" ज्याच्या वहीत महिनाभराच्या नोंदी आहेत, त्याला ही रोजची उतरण ठाऊक असते. ती सोडून दाब आणखी उतरू लागला, तरच तो सावध होतो.

एक सूचना मात्र विसरू नका. घर सोडण्याचा हुकूम आला की उपकरण आणि वही यांचा मोह धरू नये. एका आकड्यासाठी वादळात बाहेर पडणे हे शूरपणाचे नसून वेडेपणाचे आहे.

हे सारे दूरच्या महासागराचे झाले असे समजू नका. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्री वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, ते तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आठवत असेल. भारताच्या हवामान खात्याच्या नकाशावरही २००९ पासून असाच शंकू असतो. तो कसा वाचायचा हे घरातल्या मोठ्या माणसांना तुम्ही समजावून सांगू शकता. पर्जन्यमापक शाळेत असेल किंवा सरळ भिंतीच्या डब्यातून घरी करता येईल. वायुभार मोजण्याची सोय आता पुष्कळशा मोबाइल फोनमध्येही असते.

तेव्हा वही आजच सुरू करा. पहिल्या पानावर आजचा पाऊस लिहा. पडला नसेल तर जागा कोरी सोडू नका, शून्य लिहा. 'पाहिले आणि पाऊस नव्हता' आणि 'पाहिलेच नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.