पहिलटकरणीला तीन प्रश्न विचारा

पोस्ट मोठी आहे. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

लहानपणी घरी पाहुणे आले की मला अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवून दाखवायला लावायचे. शाळेत योगासनांत कायम पहिला नंबर. बाई म्हणायच्या, रबराची आहे पोरगी. एकोणिसाव्या वर्षी दोरीवर चादर टाकताना खांदा निखळला, तेव्हाही कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. आणि लग्नानंतर दिवस राहिले तेव्हा सगळ्या बायकांचं एकमत झालं, "अंग लवचिक आहे, तुझं बाळंतपण सोपं जाणार."

सहाव्या महिन्यापासून जांघेत अशा कळा यायच्या की रात्री कूस बदलायची तर नवऱ्याला उठवावं लागायचं. जिना चढताना खुबा सटकल्यासारखा व्हायचा. प्रत्येक तपासणीत सांगितलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सगळ्यांनाच होतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा सिस्टर म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, अजून बराच वेळ आहे. दीड तासात बाळ बाहेर होतं. टेबलावर उताणी झोपवून दोन मावश्यांनी माझे पाय जोर लावून मागे दाबले, आणि उजवा खुबा सरकला. टाके घालताना भूल लागलीच नाही. ओरडले तर "एवढं काय?" रक्त खूप गेलं. सहाव्या दिवशी टाके उसवले. लेक तीन महिन्यांची होईपर्यंत मी वॉकर धरून चालत होते, तिला उचलून घ्यायला दुसरं माणूस लागायचं.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथलं कुणी वाईट नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

दोन वर्षांनी एका फिजिओथेरपिस्टने पाच मिनिटांत नऊ गुणांची चाचणी केली. दोन्ही करंगळ्या, दोन्ही अंगठे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे यांना एकेक गुण आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर एक. माझे नऊपैकी आठ. तिथून पुढे तज्ज्ञांकडे, आणि मग नाव कळलं: हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम. सांधे, कातडी, गर्भाशय, रक्तवाहिन्या या सगळ्यांना धरून ठेवणारी जी ऊती असते, तीच मुळात सैल. 2017 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या आजाराचे 13 प्रकार आहेत. माझ्या प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही, म्हणजे रक्त तपासून तो कळत नाही. विचारावं लागतं, हात लावून बघावं लागतं.

आता माझ्या बाळंतपणाकडे परत बघा. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे सगळ्याच बायकांचे सांधे थोडे सैल होतात. माझे आधीच सैल होते. झपाट्याने होणारी प्रसूती, जास्त रक्तस्राव, भूल नीट न लागणं, टाके उसवणं, हे सगळं या आजारात होऊ शकतं हे डॉक्टरांच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. माझ्या फाइलवर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी लिहिलेलं होतं. एकच कागद, फाइलच्या पहिल्या पानाला लावलेला. कळा सुरू होताच लगेच भरती करा. कुशीवर झोपवा. पाय ओढू नका, आधार द्या. भूलतज्ज्ञांना आधी दाखवून घ्या. रक्ताची सोय तयार ठेवा. टाके ताण न देता घाला, जास्त दिवस राहू द्या. चौथ्या महिन्यापासून कमरेला पट्टा आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. शरीर तेच, बाई तीच. मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेले. यात महागडं असं काय होतं सांगा?

काही जण म्हणतील, मग सरळ सिझेरियनच करावं. तर नाही. नुसता हा आजार आहे म्हणून सिझेरियन करायचं कारण नाही. पोटावरची जखमही आमची हळूच भरते. निर्णय प्रत्येकीचं बघून घ्यायचा. एक मात्र वेगळं: याच कुटुंबातला रक्तवाहिन्यांचा जो प्रकार आहे, त्यात गरोदरपण जिवावर बेतू शकतं. घराण्यात कुणाची रक्तवाहिनी, आतडं किंवा गर्भाशय अचानक फुटलं असेल तर दिवस जाण्याआधीच जनुकतज्ज्ञांना भेटा.

आणि लवचिक असलेली प्रत्येक मुलगी आजारी नसते, हेही लिहून ठेवते. उगाच घाबरू नका.

आता मुद्द्यावर येते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात हे चालू आहे, आणि ते चांगलं काम आहे. जोखीम दिसली की कार्डावर लाल स्टिकर लागतो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, सगळं बघतात. माझी मागणी एवढीच की त्यात तीन प्रश्न घाला. एक, कधी सांधा निखळलाय का, लहानपणी अंग फार वाकायचं का? दोन, जखम भरायला वेळ लागतो का, जरा लागलं की काळंनिळं होतं का? तीन, दात काढताना किंवा टाके घालताना भूल लागली नाही असं झालंय का? दोन-तीन उत्तरं "हो" आली तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवा.

डॉक्टरांवर कामाचा बोजा आहे, मान्य. ओपीडीतली रांग मीही बघितली आहे. पण हे प्रश्न आशाताई घरीच विचारू शकते, मिनिटभर लागेल. उसवलेले टाके परत घालायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

मी नोकरीवाली, शहरातली, इंग्रजी रिपोर्ट वाचू शकणारी. तरी नाव कळायला एकतिसावं वर्ष उजाडलं. हेच सैल सांधे घेऊन आठव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी वाहणारीचं काय? तिला कोण विचारणार?

माझ्या आईचं अंग चाळिशीतच बाहेर आलं, ऑपरेशन झालं. तिचे गुडघे, तिची पाठ. आजी म्हणायची, सुनेला कामाचा कंटाळा. हा आजार आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. तज्ज्ञांनी तिला तपासलं आणि सांगितलं, तुमच्याकडूनच आलंय. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी सोंग करत नव्हते."

माझी लेक आता सात वर्षांची आहे. परवा पाहुण्यांसमोर तिने अंगठा मनगटाला टेकवून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला जवळ घेतलं आणि असं करायचं नाही म्हणून सांगितलं. तिच्या वेळेपर्यंत तरी कार्डावर हे तीन प्रश्न यावेत.

तुमच्या ओळखीत आशाताई, सिस्टर, डॉक्टर असतील तर त्यांच्यापर्यंत पोचवा. नाव नाही टाकलं तरी चालेल.