भोगवटादार आणि कूळ

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे फिरावयास येणाऱ्या मंडळींत एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. दहा हजार पावलांना दोन-तीनशे उणी पडली, तर ते फाटकाशी उभे राहून घड्याळाचा हात जपमाळ ओढल्यासारखा हलवीत राहतात आणि आकडा भरला की प्रसन्न मुद्रेने घरी जातात. हा दंडक कोणा वैद्याने घालून दिलेला नसून, १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर रूढ झाला, हे मी त्यांना सांगितलेले नाही. मानवतच्या शिवारात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईस सांगितले, तर ती पदर तोंडाला लावून हसेल.

आरोग्याची अ‍ॅप रचणारे ज्याला वापरकर्ता समजतात तो बहुधा हा गृहस्थच: एक देह, एक फोन, एक मालक. परंतु पालमकडच्या एखाद्या घरात फोन थोरल्या मुलाचा, दुखणे आजीचे आणि बोट नववीतल्या नातीचे, असा त्रिस्थळी कारभार असतो. ‘झोप कशी लागली?’ या प्रश्नावर आजी गुडघ्यापासून कैफियत मांडू लागते आणि नात ‘बरी’ या एका शब्दात तिचा निकाल लावून मोकळी होते. आमच्या महसूल खात्याला हा भेद फार पूर्वी उमगला. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा रकाना निराळा आणि कुळाचा निराळा. अ‍ॅपच्या दफ्तरी मात्र ज्याचा फोन त्याचेच दुखणे.

आणि ज्यांच्याकडे हा वापर स्वेच्छेने नव्हे, हुकुमाने आला, त्या आशा व अंगणवाडी सेविकांना वापरकर्ता म्हणावे तरी कसे? वर्षानुवर्षे बालकांची वजने मराठीतून रजिस्टरात बिनचूक मांडणाऱ्या अंगणवाडी सेविकांपुढे २०२१ साली पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप आले ते इंग्रजी घेऊन, आणि हाती होते सरकारने दिलेले, तापणारे नि मध्येच अडणारे फोन. तेव्हा त्या वर्षीच्या ऑगस्टात राज्यभरच्या सेविकांनी ते फोन कार्यालयांत परत नेऊन दिले, यास तंत्रद्वेष म्हणणे शुद्ध अन्यायाचे होय. त्यांचे भांडण मोजण्याशी नव्हते.

माझी मागणी अल्प आहे: पहिल्याच पानावर तीन रकाने असावेत, फोन कोणाचा, दुखणे कोणाचे आणि भरणारे कोण, शिवाय आजीचा गुडघा मावेल एवढी जागा.