तोंडी तेजी, खिशातली मंदी

3 जून 2024, सोमवार. ग्वाल्हेरातल्या मुरारच्या सदर बाजारापासून दलाल स्ट्रीटपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेजीच होती. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे शनिवारी संध्याकाळी आले होते आणि त्या जोरावर सेन्सेक्स एका दिवसात 2,507 अंकांनी उसळला. मंगळवारी मतमोजणी झाली, भाजप 240 जागांवर अडला, आणि त्याच सेन्सेक्सने 4,390 अंक गमावले. शुक्रवारी मात्र तो पुन्हा नव्या उच्चांकावर होता. सोमवारी घेऊन मंगळवारी घाबरून विकणारे तेवढे मधल्यामध्ये मारले गेले.

मतदारांना विचारणे वेगळे, गुंतवणूकदारांना विचारणे वेगळे, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. मग गुंतवणूकदारांच्याच पाहणीकडे वळू. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ इंडिव्हिज्युअल इन्व्हेस्टर्स’ ही संस्था 1987 पासून दर आठवड्याला सभासदांना विचारते, की पुढच्या सहा महिन्यांत बाजार चढेल, पडेल की आहे तिथेच राहील? या पाहणीच्या भक्तांकडे एक हुकमी दाखला असतो. 5 मार्च 2009 रोजी मंदीवाल्यांचे प्रमाण 70 टक्क्यांवर गेले आणि 9 मार्चला ‘एस अँड पी 500’ने तळ गाठला. त्यावरून नियम निघाला: सगळे घाबरले की खरेदी करा.

हाच नियम जानेवारी 2008 ला लावून पाहावा. तेव्हाही निम्म्याहून अधिक सभासद मंदीवाले होते. त्यांच्या भीतीवर विसंबून ज्याने खरेदी केली, त्याचे पैसे मार्च 2009 पर्यंत जवळजवळ निम्मे झाले. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस मंदीवाले 60 टक्क्यांवर होते. त्यानंतरही 8 एप्रिलपर्यंत निर्देशांक आणखी सुमारे 15 टक्के घसरला. बाजार पुढे सावरला हे खरे, पण तोवर उसनवारीवर सौदे करणाऱ्याचा निकाल लागलेला असतो.

असे का होते, याचे उत्तर रॉबिन ग्रीनवुड आणि आंद्रेई श्लायफर यांच्या 2014 च्या अभ्यासात मिळते. बाजार चढून गेला की लोक आणखी चढेल म्हणतात, पडला की आणखी पडेल म्हणतात. म्हणजे भाकीत म्हणून जे छापले जाते, ते बरेचसे मागच्या काही महिन्यांचे इतिवृत्त असते. त्यात उत्तर देणारेही आपखुशीने देणारे. ज्याला बोलायची खुमखुमी, त्याचाच आवाज मोजला जातो.

म्हणून पाहणी केराच्या टोपलीत टाकायची का? मुळीच नाही. हीच संस्था दर महिन्याला दुसरा, कमी गाजणारा प्रश्न विचारते: तुमच्या पुंजीतला किती हिस्सा शेअरमध्ये आहे? मार्च 2000 मध्ये, तेजीच्या कळसावर, तो सुमारे 77 टक्के होता; मार्च 2009 मध्ये सुमारे 41. सप्टेंबर 2022 मध्ये मात्र 60 टक्के सभासद तोंडाने मंदी बोलत होते आणि शेअरमधला हिस्सा तरीही साठच्या वरच होता. खरी घबराट आणि नुसती कुरकुर यांतला फरक इथे दिसतो.

तोंडापेक्षा खिसा खरे बोलतो, हे ग्वाल्हेरला नवे नाही. टाटांच्या पोलाद कारखान्याला लंडनच्या भांडवलदारांनी दाद दिली नाही. तिथे कोणी पाहणी केली असती तर कौल नकाराचाच आला असता. ऑगस्ट 1907 मध्ये मुंबईत भागविक्री खुली झाली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी भांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी एकट्याने घेतले.

आज मुरारमधल्या डिमॅट खातेदाराला खिशाचे आकडे फुकट मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे 94,000 कोटींची निव्वळ विक्री केली. त्याच महिन्यात एसआयपीचा ओघ पहिल्यांदाच 25,000 कोटींच्या पुढे गेला. उद्याचा बंद भाव यातून कळत नाही. माल कोणाच्या हातून सुटतो आहे आणि कोणाच्या हाती जातो आहे, एवढे नक्की कळते. मनःस्थितीची पाहणी वाचायची ती या आकड्यांशेजारी ठेवून.