दोन इंचांची हौस

परवाच्या रविवारी बोरिवलीला बहिणीकडे जेवायला गेलो, तर भाचा सोसायटीच्या आवारात आपल्या थारखाली आडवा झालेला. गाडी जेमतेम दीड वर्षाची. मला पाहून हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "मामा, तू इतकी वर्षं जीप चालवलीस, आता आईला तूच समजाव. फक्त दोन इंच उचलायचीय." वर गेलो तर ताईचे निराळेच. "त्याला तू सांग. तुझंच खूळ त्याच्या डोक्यात गेलंय." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्यामुळे मी आधी जेवून घेतले.

ज्यांच्या घरात हे खूळ शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गाडी उचलायची म्हणजे कारखान्याने बसवलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअप काढून त्यांच्या जागी लांब आणि ताठ माल बसवायचा, म्हणजे अंग जमिनीपासून वर जाते आणि मोठे टायर मावतात. हौस आणखी असेल तर मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर घालतात, म्हणजे एक चाक चिखलात फिरत राहिले तरी दुसरे ओढत राहते. रविवारी पहाटे पश्चिम द्रुतगती मार्गावर उभे राहिलात तर माळशेजकडे नाहीतर लोणावळ्याकडे निघालेल्या अशा गाड्या दिसतील. सोमवारी त्याच गाड्या अंधेरीच्या पुलावर कचेरीला जाणाऱ्यांच्या रांगेत असतात. खड्ड्यांच्या दिवसांत घोडबंदर रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाने ही हौस मानली नाही, गरज मानली, तर मी त्याला हसणार नाही.

हे वेड उपनगरांना नवे नाही. कांदिवलीला आकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा कारखाना आहे आणि जीप ही आमच्याकडे एके काळी घरच्यासारखी गाडी होती. पुढे-मागे पाटे, अखंड ॲक्सल, चार बोल्ट सोडले की सगळे हातात. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळत आणि जोडणारा लालबहादूर शास्त्री मार्गावर कुठेही भेटे. आज थार नाशिकला बनते. २०२० साली आलेल्या थारला पुढे पाटे नाहीत आणि मागेही नाहीत. पुढची दोन्ही चाके स्वतंत्र, मागे अखंड ॲक्सल पण कॉइल स्प्रिंगवर. मात्र गाडी उचलून देणाऱ्यांपैकी पुष्कळांचे हात आणि अंदाज अजून जुन्या जीपचेच आहेत. निम्मा घोटाळा इथे आहे.

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला, उचलून मिळणार काय? तो म्हणाला, "ग्राउंड क्लिअरन्स." म्हटले, खाली वाक आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा लोखंडी गोळा बघ. तो डिफरन्शियल. दगडाला आधी लागतो तो बहुधा तोच. स्प्रिंग कितीही लांब घातली तरी तो तसूभर वर जात नाही, कारण तो स्प्रिंगवर टांगलेला नाही, चाकांच्या मध्ये आहे. तो वर जातो तो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही निम्म्यानेच. एकतीस इंची टायर काढून तेहतीस इंची घातला तर गोळा एक इंच वर. त्या एका इंचापायी मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५ने पळत असते, जड चाक थांबवायला ब्रेकला अधिक जोर लागतो आणि गिअर लांबल्यासारखे वाटतात.

स्प्रिंग उचलल्याचा उपयोगच नाही असे नव्हे. पोट दगडाला घासत नाही, चाकाला खाली-वर व्हायला जास्त जागा मिळते, चढाच्या तोंडाशी बंपर टेकत नाही. पण गाडीतली प्रत्येक वस्तू दुसरीला बांधलेली असते. थारचे पुढचे अंग वर गेले की चाकाकडे जाणारे शाफ्ट अधिक तिरके चालतात आणि त्यांच्या सांध्यांवरची रबरी टोपणे लवकर फाटतात. मागे ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा असतो, तो तिरपा झाला की ॲक्सल किंचित बाजूला सरकतो. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, ही गोष्ट अचानक समोर आलेली रिक्षा चुकवताना कळते. लॉकरचेही तसेच. चिखलात तो देवासारखा; पण डिफरन्शियल वेल्डिंग करून कायमचा बांधून टाकायचा स्वस्त तोडगा कुणी केला, तर पावसात भिजलेल्या डांबरावर वळणात गाडी सरळ जायचा हट्ट धरते.

हे सारे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली मुलुंडला असताना मी एक जुनी एमएम ५४० घेतली होती. एका गॅरेजवाल्याने पाट्यांत एक पाटा वाढवून आणि लांब शॅकल लावून ती उचलून दिली. दिसायला रुबाबदार. पुढचा ॲक्सल शॅकलमुळे थोडा फिरला होता, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईना. तेही मी मर्दानी लक्षण समजत होतो. ऑगस्टमध्ये माळशेजहून परतताना मागे बाकावर पत्नी आणि दोन्ही मुले. वाट देण्यासाठी गाडी कडेला घेतली तेव्हा मागचे चाक एका खड्ड्यात पूर्ण लोंबले आणि वर आले. पुढच्या वळणावर ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला गेले. पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढत, घाटाचा उरलेला भाग कसा उतरलो ते पत्नीला आजही विचारू नये. मुरबाडच्या मिस्त्रीने खाली वाकून एका मिनिटात दोष दाखवला. अंगावरून ॲक्सलवर जाणारी ब्रेकची रबरी नळी मूळ लांबीचीच होती, ताणून फाटली. "गाडी उचलली, मग नळी कोण उचलणार?" एवढेच तो बोलला. नळी त्या काळी फार तर जेवणाच्या बिलाइतकी महाग असेल.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम नव्या रूपात आले. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला, तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हुज्जत उभी राहते.

मग प्रश्न मिटला, असे ताईला वाटले. मला वाटत नाही. गाड्या उचलल्या जातच आहेत, फक्त कागदावर नाहीत. गॅरेजवाला भागांची नावे बिलावर लिहीत नाही, मालक आरटीओकडे जात नाही, आणि रस्त्यावरच्या हवालदाराला बाहेरचे टायर दिसतात, आतली ब्रेकची नळी दिसत नाही. चांगला माल नीट बसवून घेणारा आणि स्प्रिंगखाली नुसते तुकडे ठोकून घेणारा, कायद्यापुढे दोघेही सारखेच चोर. असे झाले की स्वस्तातले काम जिंकते.

गंमत म्हणजे याच शहराने याहून धोक्याचा बदल शिस्तीत करून दाखवला आहे. महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत टॅक्सी, रिक्षा सीएनजीवर आल्या. सुमारे २०० बार दाबाची टाकी माणसांच्या पाठीमागे ठेवायची, म्हणजे खेळ नव्हे. तिथे सरकारने 'करू नका' म्हटले नाही. मान्यताप्राप्त किट, ते बसवणारा मान्यताप्राप्त माणूस, नोंदणी पुस्तकात आरटीओची नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी, अशी चाकोरी घालून दिली. मग सस्पेन्शनच्या भागांनाच अशी चाकोरी का नको? जर्मनीत तपासणी संस्था मागाहून बसवलेल्या भागांना दाखला देते आणि तो गाडीच्या कागदांवर चढतो. ऑस्ट्रेलियात थोड्या उंचीपर्यंत मुभा आणि त्यापुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र, अशी पद्धत आहे. आपल्याकडे पुण्याला १९६६पासून एआरएआय आहे, नव्या गाड्या तपासायची तिची पात्रता जुनी आहे. आणि २०१९च्या दुरुस्तीतच एक वाक्य आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही: बदलांसाठी मानके आणि मान्यतेच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकते, आणि तसे झाले तर त्या बदलापोटी उत्पादकाची हमी रद्द समजली जाणार नाही. दार कायद्यात आहे. त्याला कडी-कोयंडा कुणी लावायचा एवढेच राहिले आहे.

उंच गाड्यांना मान्यता दिली की रस्त्यांवर दांडगाई वाढेल, असे काहींना वाटेल. दांडगाई करणारा आजही परवानगी विचारत नाही. नोंद झाली तर निदान कोणती गाडी कुणी उचलली हे अपघातानंतर शोधावे लागणार नाही.

जेवणानंतर भाच्याने गॅरेजवाल्याला फोन लावला आणि मी शिकवल्याप्रमाणे तीन प्रश्न विचारले. शॉकअप त्या स्प्रिंगच्या लांबीचेच आहेत का? ब्रेकच्या नळ्या लांब देणार का? आणि बिलावर प्रत्येक भागाचे नाव लिहून देणार का? पहिल्या दोन्हींना 'हो, हो' असे उत्तर आले. तिसऱ्याला पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग "साहेब, बिल कशाला पाहिजे?" भाच्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. ताई ताटे उचलत होती. "पुढच्या महिन्यात सगळे मिळून हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलंय ना," ती म्हणाली, "मागच्या सीटवर मी बसणार आहे." गाडी अजून मूळ उंचीवरच आहे.