अम्मींच्या चालीने अलेक्झांड्रिया

आपल्या विसरवाडीत डिसेंबर कोरडा. इजिप्तच्या अलेक्झांड्रियात मात्र तेच पावसाचे दिवस. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे फिरणाऱ्यांची गर्दी उन्हाळ्यात. आम्ही मुद्दाम डिसेंबरात गेलो, कारण सोबत अम्मी होत्या आणि त्यांचे गुडघे दुखतात. ढासळलेल्या प्राचीन दीपस्तंभाच्या जागी सुलतान कायतबे यांनी १४७७ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला त्यांनी बसत-उठत पाहिला. मागून घाई करणारे कोणी नव्हते. दिवस मात्र लहान. जोहरनंतर असर लवकर येते आणि पाचच्या सुमारास मगरिब. म्हणून सकाळीच निघावे, छत्री आणि गरम शाल जवळ ठेवावी. दरवेळी मुलांच्या सुट्टीवरच बेत आखला, तर घरातली वडीलधारी माणसे मागे राहतात. एखादी सफर त्यांच्या सोयीनेही ठरवावी.