दोष एकाच नटाचा नाही



‘सेंटर-लॉक चाकाला एकच नट, म्हणून ते धोक्याचं’ हे आपल्या अंकातलं मत मला अजिबात पटलं नाही. पोर्श ९११ जीटी३चा हा नट ६०० न्यूटन-मीटरने आवळतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साठ किलोंहून जास्त वजन टांगलं की एवढा जोर येतो; साध्या गाडीच्या नटाला शंभर-सव्वाशे पुरे. शिवाय नट सुटू नये म्हणून स्प्रिंगची वेगळी खीळ असते. २०१० साली जीटी३च्या मागच्या हबमध्ये दोष निघाला, गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हे मान्य. पण २०१३च्या जर्मन ग्रां प्रीत फॉर्म्युला वन चालक मार्क वेबरच्या गाडीचं असंच एका नटाचं चाक निसटून कॅमेरामनला लागलं, ते नट पक्का बसण्याआधीच पिटमधून गाडी सोडल्यामुळे.

खरी काळजी इथली आहे. मुलुंड चेकनाक्याजवळ पंक्चर झालं तर कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे ना या नटाचा सॉकेट, ना एवढ्या ताकदीचा टॉर्क पाना. अंदाजाने इम्पॅक्ट गन मारून नट बसवणं जिवावर बेतेल. कोट्यवधींची गाडी विकणाऱ्यांनी सॉकेट आणि पाना गाडीसोबतच द्यावा, आणि चाक रस्त्यावर न खोलता गाडी टोइंगने न्यावी, हे मालकाला लेखी सांगावं.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)