पाऊस समुद्र ठरवतो, तहान कोण ठरवते?

पाऊस लांबला की या देशात दोन दुकाने उघडतात. एक पर्जन्ययज्ञाचे, दुसरे टँकरचे. पहिल्यात तूप जळते आणि दुसऱ्यात सरकारी तिजोरी. तहानलेला माणूस मात्र दोन्ही दुकानांच्या बाहेरच उभा असतो. म्हणून पाऊस का रुसतो, हे आमच्या वाडीवस्तीने स्वतःच समजून घेतले पाहिजे.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारणावाचून कार्य नाही. पावसालाही कारण आहे. प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून वाहणारे वारे उष्ण पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. हे वारे मंदावले की ते पाणी मध्य व पूर्वेकडे पसरते आणि ढगांचे ठाणेही तिकडे सरकते. समुद्राचा पृष्ठभाग सरासरीहून अर्धा अंश सेल्सिअस किंवा अधिक तापून महिनोन्‌महिने तसाच राहिला, की शास्त्रज्ञ त्याला ‘एल निनो’ म्हणतात. याच्या उलट अवस्था ती ‘ला निना’. प्रशांत महासागराच्या दोन बाजूंना हवेचा दाब तराजूसारखा वरखाली होतो, हे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना (१९०४ ते १९२४) गिल्बर्ट वॉकर यांनी आकडेमोड करून दाखवले. यात कोणत्या देवाचा कोप आला आणि कोणत्या भटाचा मंत्र आला?

एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असेही नाही. १९९७ साली तो अतिशय तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला आणि पूर्व भाग थंड राहिला. त्याने मान्सूनला हात दिला. २०२३ साली मात्र एल निनो असताना देशातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षीच्या जुलैत रायगडात धो धो पाऊस कोसळला. म्हणजे समुद्राची उलथापालथ ही धोक्याची सूचना आहे, ललाटलेख नव्हे. सूचना मिळाल्यावर काय करायचे, हे माणसांनी ठरवायचे असते.

आता कर्जत तालुक्यातील कोंडाणे पाहा. राजमाचीच्या पायथ्याशी इसवीसनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तिथल्या शिलालेखात आजही वाचता येते. परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी उन्हाळा आला की डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बाया ओहोळात खड्डे उकरून हंडा भरतात. उल्हास नदी इथूनच खाली बदलापूर, कल्याणकडे जाते आणि शहरांची तहान भागवते. याच नदीवरचे कोंडाणे धरण २०१२ साली सिंचन घोटाळ्याच्या आरोपांत गाजले. पुढे ते नवी मुंबई परिसराच्या पाण्यासाठी सिडकोकडे सोपवण्याचा निर्णय झाला. धरणाच्या कागदावर शहराची गरज लिटरमध्ये मोजली जाते. वाडीची गरज कोणी मोजली?

शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे मातीखालीच राहिली. शोधकार्य थांबले. दरडप्रवण गावांच्या यादीत या ठाकरवाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होता, पण शासनाच्या यादीत तो नव्हता. याला आम्ही नैसर्गिक आपत्ती म्हणणार नाही.

इतिहास हेच सांगतो. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळामागे प्रशांत महासागरातला प्रचंड एल निनो होता, हे आज माहीत झाले आहे. पण लोक मरत असताना या देशातले धान्य जहाजांतून परदेशी जात होते, तो काही समुद्राचा हुकूम नव्हता. त्या वेळी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने १८७७ साली धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालवला. १९७२ च्या दुष्काळात मजूर रस्त्यावर उतरला, तेव्हा रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. २०१५ च्या एल निनोनंतर २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. भूमिहीनांच्या वस्तीला कोणती रेल्वे आली?

बाबासाहेबांनी १९२७ साली याच जिल्ह्यात, महाडला, पाण्याला हात लावून माणूसपणाचा हक्क सांगितला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. पाण्यावर हक्क आणि पाण्याचे नियोजन, ही दोन्ही कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. चळवळीनेही ती वेगळी मानू नयेत.

हवामान खाते दर एप्रिलला मान्सूनचा अंदाज जाहीर करते. तो ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला पाहिजे. एल निनोची चाहूल लागताच रोजगार हमीची कामे काढली पाहिजेत. माणसे गाव सोडून गेल्यावर नव्हे. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीची पाहणी पावसाळ्याआधी झाली पाहिजे आणि पुनर्वसन वाडीला विचारूनच झाले पाहिजे. कोंडाण्याच्या पाण्याचा पहिला हंडा कोंडाण्याच्या वाड्यांचा, हे लेखी मान्य झाले पाहिजे.

आमच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हे चार ठराव मांडावेत. ठराव नामंजूर झाला तर कोणी विरोध केला, तेही इतिवृत्तात लिहून घ्यावे. पुढच्या दुष्काळात तेच कागद उपयोगी पडतील.